गोठ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीत नाग राहतो आहे. त्याला न मारता घरच्यांना सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न
चिरेबंदी, सावई-वेरे

नमस्कार. आमचे घर फोंडा तालुक्यात सावई-वेरे येथे कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, काठावर आहे. घराच्या मागे जुना गोठा असून त्याची पाठची भिंत मातीत रचलेल्या चिऱ्यांची आहे. तिला गिलावा कधी झालाच नाही, त्यामुळे पायथ्याच्या फटी वाढत वाढत आता तेथे हात जाईल एवढी भोके पडली आहेत. यंदा काजूचा हंगाम संपता संपता त्यांतल्या एका भोकात नाग ये-जा करताना दिसू लागला. फण्यावरची चष्म्यासारखी खूण घरातल्या सर्वांनी पाहिली आहे, तेव्हा ओळखण्यात गफलत होत असेल असे वाटत नाही. आजवर तो कोणाच्या अंगावर आलेला नाही. कुत्रा भुंकला की फणा काढतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि आत निघून जातो.

घरात यावर एकमत नाही. ज्या गावात शेषशायी अनंताचे देऊळ आहे तेथे नागाच्या अंगावर काठी पडता कामा नये, असे आईचे म्हणणे. कुळागरात काम करणाऱ्यांपैकी एकाने तो आत असताना भोक सिमेंटने बुजवण्याचा किंवा आत रॉकेल ओतण्याचा सल्ला दिला आहे. भाच्याने मोबाईलवर साप पकडण्याच्या चित्रफिती पाहिल्या असून प्लॅस्टिकची नळी आणि पोते घेऊन आपणच त्याला पकडू, असा त्याचा हट्ट आहे. मला स्वतःला नाग मारायचा नाही, पण पहाटे गोठ्यात जाणारी माणसे आमच्याच भरवशावर जातात, याचाही विसर पडू देता येत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की अशा वेळी कायदा काय म्हणतो, सर्पमित्राला बोलावून नाग दूर रानात सोडणे योग्य ठरेल का, फिनेल किंवा कार्बोलिक ॲसिड टाकल्याने तो निघून जाईल का, आणि एकाला हलवले तर दुसरा डूख धरून येतो या समजुतीत काही तथ्य आहे का. मिरग जवळ आला आहे, त्यामुळे जे करायचे ते पावसाआधी करावे असा विचार आहे.

उत्तर
रानवाट, डिचोली

वनखात्याच्या परवानगीने साप हलवण्याचे काम मी करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम आपल्या भाच्याला थांबवा. चित्रफितीत दिसते ती शेवटच्या दोन मिनिटांची सफाई असते. त्याआधी साप कोठून बाहेर पडेल, मागे पाय ठेवायला जागा आहे का, बघ्यांना किती लांब उभे करायचे, हा जो विचार करावा लागतो तो कोणी चित्रित करत नाही. अनुभवी सर्पमित्रही दंशाने दगावलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी दंश सापाला हातात धरून लोकांना दाखवताना झालेले आहेत. नागाला शेपटीने उचलून मिरवणे हे सापावर प्रेम करण्याचे लक्षण नव्हे. त्यात त्याच्या मणक्याला इजा होऊ शकते आणि भेदरलेला प्राणी आणखी भेदरतो. साप हाताळण्याचे कौशल्य जेथे लागतच नाही अशी परिस्थिती निर्माण करणे, हेच सापाच्या आणि माणसाच्याही हिताचे असते, असे माझे मत आहे.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा असून त्याखाली नागाला संरक्षण आहे. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही. पकडणे, सापळा लावणे, विष घालणे, जखमी करणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हेही त्यात येते. म्हणजे भिंतीत रॉकेल ओतणे आणि भाच्याने नागाला पोत्यात घालणे या दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एकाच खात्यावर जमा होतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद कलम 11 मध्ये आहे खरी. परंतु कुत्रा भुंकला की आत निघून जाणाऱ्या सापाच्या बाबतीत तिचा आधार घेता येईल असे मला वाटत नाही.

भोक बुजवण्याचा सल्ला मात्र कायदा बाजूला ठेवला तरी वाईटच आहे. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत एका भोकाला एकच वाट असते असे कोण सांगणार? पुढची वाट बंद केलेला साप उंदरांच्या बिळांतून पलीकडे, म्हणजे थेट गोठ्याच्या आत निघू शकतो. आज तो कोठे आहे हे आपणास ठाऊक आहे. उद्या ते ठाऊक राहणार नाही. रॉकेल, फिनेल, कार्बोलिक ॲसिड, गंधक आणि डांबरगोळ्या यांच्यापैकी कशानेही साप खात्रीने दूर राहतो असे सिद्ध झालेले नाही. अंगावर पडल्यास मात्र त्याची कातडी भाजते, आणि डिवचलेला साप उजेडी बाहेर पडला तर जो सर्वांत जवळ उभा असेल त्याच्यावर संकट येते. शिवाय कार्बोलिक ॲसिडने माणसाची कातडीही भाजते आणि गुरे त्याच जागी तोंड लावतात.

दूर रानात सोडण्याविषयी लोकांना वाटते की बोंडला किंवा म्हादईच्या अभयारण्यात साप नेऊन सोडला म्हणजे त्याचे कल्याण झाले. प्रत्यक्षात सापाला आपल्या परिसरातील बिळे, पाणी आणि भक्ष्य यांची ओळख असते. अनोळखी ठिकाणी तो निवाऱ्यासाठी भटकत राहतो, आणि असा भटकणारा साप रस्त्यावर, कुत्र्यांच्या तोंडी किंवा दुसऱ्या कोणाच्या घरात सापडतो. कर्नाटकातील आगुंबे येथे नागराजांना ट्रान्समीटर बसवून जो अभ्यास झाला, त्यात दूर नेऊन सोडलेला नर स्थानिक नरांच्या तुलनेत कितीतरी अधिक भटकला असे आढळले. म्हणून साप हलवावाच लागला तर त्याच परिसरात, वस्तीपासून थोड्या अंतरावर आडोशाच्या जागी सोडण्याकडे आमचा कल असतो. आणि एक नाग उचलून नेला तरी उंदीर आणि भोक दोन्ही जागच्या जागी असतील, तर त्या जागेत दुसरा साप येण्यास काहीच हरकत नसते. डूख धरण्याची कथा बहुधा अशाच अनुभवांतून आली असावी. सापाच्या मेंदूत सूडाला जागा नाही. मीलनाच्या काळात मादीच्या गंधाच्या मागावर नर येतो, तेवढ्यावरून जोडीदार शोधत आला असे लोक मानतात.

तेव्हा आपण काय करावे? हा काळ नागाच्या अंड्यांचा आहे. मादी बिळात बारा ते तीस अंडी घालते आणि बहुतेकदा त्यांच्याजवळच राहते, त्यामुळे आपल्याकडे महिनाभर एकाच भोकाशी दिसणारा नाग कदाचित अंड्यांवरची मादी असेल. तसे असेल तर साधारण दोन महिन्यांत पिल्ले बाहेर पडून पांगतील. पिल्लाला जन्मापासून विष असते, म्हणून त्याला लहान समजून कोणी हात लावू नये. वनखात्याला कळवून परवानगी असलेल्या माणसाकडून आधी जागेची पाहणी करून घ्या. हलवायचे की राहू द्यायचे हे त्याने भिंत पाहूनच ठरवावे. तोवर त्या बाजूला माणसांची ये-जा बंद करा, कुत्रा रात्री बांधून ठेवा आणि गुरे शक्य असल्यास दुसऱ्या कोपऱ्यात हलवा. नाग बाहेर दिसला तर किमान दोन-तीन मीटर अंतर ठेवून, हालचाल न करता त्याला जाऊ द्यावे. त्याची वाट अडवली नाही तर त्याला आपल्याशी काहीही घेणे नसते.

भोक रिकामे झाल्याची खात्री झाली की मग सिमेंट हातात घ्या. तेव्हा मात्र नुसते एक भोक न बुजवता पायथ्याची पूर्ण ओळ गिलाव्याने भरून काढा, सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, आणि भिंतीला टेकलेली नारळाच्या सोडणांची रास, चुडते (वाळलेल्या झावळ्या), लाकडे व जुने नळे तेथून हलवून जमिनीपासून हातभर उंच माचीवर रचा. गोठ्यातला पेंडीचा साठा पत्र्याच्या झाकणबंद पिंपात ठेवला की उंदीर कमी होतील. सापाला आपल्या घरी आमंत्रण उंदीर देतात. उरलेले सर्व उपाय त्यानंतरचे. उंदरांसाठी विष मात्र ठेवू नका, कारण विष खाल्लेला उंदीर सापाने किंवा घुबडाने खाल्ला तर उंदरांना आवर घालणारे प्राणीच मरतात. आणि चिकट कागद तर मुळीच नको. त्यावर उंदराच्या मागे आलेला साप चिकटून अत्यंत क्लेशाने मरतो.

उत्तर
पोफळीची सावली, वाळपई

वरील उत्तरातला शब्द न् शब्द योग्य आहे, तरीही एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. नागाला राहू द्या, अंतर ठेवा, जाऊ द्या, हे सारे ओसरीवर बसून म्हणणे सोपे असते. सकाळी अंधारात पाट फोडायला, पोफळींच्या बुडाशी शेणखत घालायला आणि पडलेली सुपारी वेचायला जो जातो तो मालक नसतो. त्याच्या पायात बहुधा काहीही नसते आणि त्याचा हात पाचोळ्याखाली असतो. सापाविषयी दया दाखवण्याचा निर्णय आपण घ्यायचा आणि त्याची जोखीम दुसऱ्याने उचलायची, हे बरे नाही. आपल्या कामगाराने रॉकेलचा सल्ला दिला तेव्हा तो क्रूर होता म्हणून दिला असे मला वाटत नाही; रोज त्या भिंतीजवळ वाकून काम कोण करतो याचा विचार केला की त्याचे म्हणणे समजते.

आमच्या कुळागरात आम्ही ठरवले की साप मारायचा नाही, परंतु त्याची किंमत घरच्यांनी मोजायची. प्रत्येक कामगाराला गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट, चांगला प्रकाश देणारी विजेरी आणि पाचोळा ओढण्यासाठी लांब दांड्याचा फावडा मालकाने द्यावा. सुपारी हाताने वेचण्याआधी काठीने पाचोळा हलवून घ्यावा. सापाला जमिनीतून येणारी कंपने चांगली जाणवतात, म्हणून काठी आपटत चालण्याचा उपयोग होतो. मात्र घोणस आणि फुरसे जागचे हलत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ते पाचोळ्याच्या रंगात मिसळून पडून राहतात आणि पाय पडला की डसतात, त्यामुळे काठीपेक्षा बूट आणि उजेड यांचाच भरवसा अधिक. घोणस कुकरची शिटी व्हावी तसा मोठा फुत्कार करते, फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खर्‌खर्‌ आवाज करते. हे आवाज कामावर येणाऱ्या नव्या माणसाला सांगून ठेवलेले बरे. फुरसे आमच्याकडे कुळागरात कमी, वरच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर जास्त, आणि तेथे दगड उलटताना हात कधीही दगडाच्या खालून घालायचा नाही, असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट मांगराची, म्हणजे बागेतल्या खोपीची. हंगामात बाहेरून आलेली कुटुंबे मांगरात जमिनीवर चटई टाकून झोपतात. मण्यार रात्री फिरते, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाला डसते. आम्ही साध्या खाटा करून घेतल्या आणि मच्छरदाण्या दिल्या. मच्छरदाणीची कड नुसती लोंबती न ठेवता गादीखाली चारही बाजूंनी खोचावी लागते, नाहीतर तिचा सापासाठी उपयोग शून्य. नाग फणा काढून सावध तरी करतो. मण्यार तसे काहीच करत नाही, म्हणून मला भिंतीतल्या नागापेक्षा जमिनीवरच्या चटईची काळजी अधिक वाटते.

पावसाळा लागतो आहे म्हणून आणखी एक सांगते. पहिल्या सरींनंतर रोयणींवर, म्हणजे वारुळांवर, अळमी (अळंबी) उगवतात आणि मुले भल्या पहाटे ती काढायला रानात धावतात. आमच्या सत्तरी तालुक्यात सातेरी देवीचे स्थान म्हणून रोयण पुजतात, ती खणत नाहीत, हे चांगलेच आहे. पण अळमी काढताना हात थेट वारुळाच्या भोकांजवळ जातो, आणि सोडून दिलेल्या वारुळांतून साप आसरा घेतात. उजाडल्यावर जावे आणि आधी विजेरी मारून पाहावे. अळमी तासाभराने काढली म्हणून बिघडत नाही. दुसऱ्याने आधी काढली तर तेवढे नशीब.

उत्तर
रात्रपाळी, म्हापसा

मी सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आहे. एवढी काळजी घेऊनही दंश झाला तर काय, याबद्दल वर कोणी लिहिलेले नाही.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे सरासरी वर्षाला 58 हजार, असा अंदाज मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवरून काढण्यात आला आहे. यांपैकी फार मोठा वाटा खेड्यांतील, शेतीत राबणाऱ्या माणसांचा आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आकडे सांगण्याचे कारण एवढेच की यांतील पुष्कळ मृत्यू रुग्णालयात पोहोचण्याआधीच्या तासांत, घरगुती उपायांत वेळ गेल्यामुळे होतात.

दंश झाल्यावर रुग्णाला चालू देऊ नये. चावलेल्या अवयवाला, हाड मोडल्यावर बांधतो तशी, फळी किंवा पुठ्ठा लावून सैलसर बांधावे आणि तो हलू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट बूट लगेच उतरवावेत, कारण सूज आल्यावर ते काढता येत नाहीत. दोरीने करकचून आवळू नये. घोणस किंवा फुरशाच्या दंशात आवळलेल्या भागाची नासाडी होते, आणि ती दोरी एकदम सोडली तर विष झपाट्याने अंगभर पसरते. कापणे, चोखणे, बर्फ लावणे, मिरची खायला देऊन पाहणे यांपैकी काहीही करू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती पोहोचण्यास उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दुचाकीच असेल तर रुग्णाला चालवणारा आणि मागे बसणारा यांच्या मध्ये बसवावे. आपल्या भागातून फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडेल, आणि गंभीर रुग्णाला तेथून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवता येते.

साप पकडून किंवा मारून आणण्याची मुळीच आवश्यकता नाही. त्या प्रयत्नात दुसऱ्याला दंश होतो, आणि तोडलेले डोकेही काही काळ प्रतिक्षिप्तपणे डसू शकते. लांबून छायाचित्र मिळाले तर ठीक, नाहीतर सोडून द्या. आम्ही उपचार सापाच्या नावावरून ठरवत नाही, लक्षणांवरून ठरवतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. तेवढ्यात ते गोठले नाही तर घोणस वा फुरशासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे समजते. पापण्या जड होणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे ही नाग आणि मण्यार यांच्या विषाची लक्षणे. म्हणून दंशाची वेळ नोंदवून ठेवणे आणि वाटेत काय काय होत गेले ते आम्हाला नीट सांगणे, हे मेलेल्या सापापेक्षा अधिक मोलाचे असते.

मण्यारीबद्दल वर लिहिले आहे त्यात भर घालतो. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, आणि दातांची खूण शोधूनही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, घरचे त्याला पित्त समजून ओवा किंवा सोडा देतात, आणि उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या मिटू लागतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी, उलटी आणि डोळे उघडण्यास त्रास असे एकत्र झाले तर सर्पदंशाची शंका घेऊन थेट रुग्णालय गाठावे. श्वास थांबू लागला तरी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवून असे रुग्ण वाचवता येतात, पण त्यासाठी ते वेळेत पोहोचायला हवेत.

आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले असते. लहान मुलालाही ते मोठ्यांइतकेच द्यावे लागते, कारण सापाने विष वय पाहून टोचलेले नसते. कुळागरांच्या पाचोळ्यात एक लहानसा तपकिरी चापडा आढळतो, ज्याच्या नाकाचे टोक वर उचललेले असते. त्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही. त्याचा दंश बहुतेक वेळा सूज आणि वेदना यांवर थांबतो, परंतु क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून लहान साप आहे, उतरेल सूज, असे म्हणून घरी बसू नये. दंश कोरडा, म्हणजे विषाविना झाला असावा असे वाटले तरी 24 तास देखरेखीखाली राहावेच.

उत्तर
माडाचे भाट, पेडणे

आमच्याकडे न्हाणीच्या मोरीपाशी कार्बोलिक साबणाचे तुकडे ठेवल्यापासून साप आलेला नाही. तेव्हा उपयोग होत नाही असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

उत्तर
रानवाट, डिचोली

साबण ठेवण्याआधी तेथे साप नेमाने येत होता का, आणि त्याच सुमारास मोरीला जाळी बसली किंवा आवारातला पालापाचोळा काढला गेला का, हे पाहिल्याशिवाय श्रेय साबणाला देता येणार नाही. साबणाच्या वडीवरून निवांत जाणारे साप सर्पमित्रांनी पुष्कळ पाहिले आहेत. साबणाने नुकसान काही नाही. पण तो आहे म्हणून कोणी विजेरीशिवाय न्हाणीत गेला तर होईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
चिरेबंदी, सावई-वेरे

सर्वांचे मनापासून आभार. वनखात्याच्या माणसाने येऊन भिंत पाहिली. नाग मादी असण्याची शक्यता त्यांनाही वाटली, आणि तूर्त न हलवता गोठ्याची ती बाजू दोरी बांधून बंद करावी असे ठरले. गुरे तात्पुरती शेजारच्या पडवीत नेली आहेत. बूट आणि विजेऱ्या आणल्या. ज्याने रॉकेलचा सल्ला दिला होता त्यानेच आता गोठ्याकडे जाणारी वाट साफ करून दिली असून पावसानंतर पायथ्याचा गिलावाही तोच करणार आहे. आईने तर भिंतीसमोर दुधाची वाटी ठेवण्याचे काढले होते; साप दूध पीत नाहीत, आणि वाटीवर मांजरे जमली तर नागाला उगाच त्रास, एवढे सांगितल्यावर तिने ऐकले.

आता वेगळाच प्रश्न उद्भवला आहे. पावसाळी भाजीच्या वाफ्यांना कोंबड्या आणि ससे यांपासून राखण म्हणून मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी आम्ही वंयीला, म्हणजे कुंपणाला, लावली आहे, आणि आज तिच्यात एक लांब पिवळसर साप अडकलेला सापडला. धामण असावी असा अंदाज आहे. तो जिवंत आहे, पण सुटण्याच्या धडपडीत दोरे अंगात रुतले आहेत. कात्रीने कापून सोडवू का? आणि विषारी नसलेल्या सापांची ओळख पटवण्याचा काही सोपा नियम आहे का?

उत्तर
रानवाट, डिचोली

कापू नका. अडकलेला साप विषारी असो वा नसो, वेदनेने चावतो, आणि धामणीचा चावा विषारी नसला तरी चांगलाच लागतो. शिवाय पिवळसर लांब साप म्हणजे धामणच, असे मानता येत नाही, कारण फणा न काढलेला नाग घाईत पाहणाऱ्याला धामणीसारखाच दिसतो. ज्यांनी भिंत पाहिली त्यांनाच लगेच बोलवा. ते येईपर्यंत जाळीवर ओले गोणपाट लांब काठीने अलगद टाकून सावली करा, कारण उन्हात अडकलेला साप तासाभरात मरू शकतो. अंधार मिळाला की त्याची धडपडही कमी होते. जाळीची ती बाजू वंयीपासून मोकळी करू नका. सैल झालेल्या जाळीत तो आणखी गुंडाळला जातो. सोडवताना साप नीट धरून ठेवणारा एक आणि बोथट टोकाच्या लहान कात्रीने दोरा आणि खवले यांच्यामधून एकेक धागा कापणारा दुसरा, अशी दोन माणसे लागतात. दोरा खोल रुतला असेल तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला सोडू नये, नाहीतर जखम चिघळून तो काही दिवसांनी रानात मरतो.

ओळखीचा सोपा नियम नाही. डोक्याचा त्रिकोणी आकार, डोळ्यांची बाहुली, रंग यांवरचे सारे ठोकताळे कोठे ना कोठे फसतात. घरातल्या पालींच्या मागे येणारा कवड्या बिनविषारी आहे आणि मण्यार अत्यंत विषारी, तरी दोघांच्या काळपट अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे डोक्याकडे पुसट असून शेपटीकडे ठळक होतात, आणि मण्यारीच्या पाठीच्या मध्यभागी षट्कोनी मोठ्या खवल्यांची रांग असते. हे सारे छायाचित्र समोर ठेवून पाहण्याचे आहे. रात्री न्हाणीच्या दारात उभे राहून पट्टे मोजायचे नसतात. दिसलेला प्रत्येक साप विषारी समजून अंतर ठेवावे आणि कोणताही साप मारू नये, हे दोन नियम एकत्र पाळता येतात.

जाळीबाबत, नायलॉनची पातळ जाळी कायमची काढून टाका. मासेमारीचा बारीक दोरा सापाला दिसत नाही, त्याचे डोके आत जाते आणि मागे फिरताना खवले अडकतात. तिच्याऐवजी कोंबड्यांसाठी वापरतात ती ताठ तारेची बारीक डोळ्यांची जाळी घ्या, किंवा जुन्या पद्धतीने कामट्यांची वंय करा. आणि कुळागरात कठडा नसलेली विहीर किंवा सिमेंटची उभ्या भिंतींची टाकी असेल तर तिच्यात सुंभाचा जाड दोर किंवा खडबडीत लांब फांदी काठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पावसात पडलेले साप, बेडूक आणि मुंगसाची पिल्ले तिच्या आधाराने स्वतःच बाहेर येतात, आणि त्यासाठी कोणालाही विहिरीत उतरावे लागत नाही. धामण सुटली की कळवा. जखमेचे छायाचित्र येथे टाकलेत तर डॉक्टरांकडे नेण्याची गरज आहे का ते सांगता येईल.